वाचकांचे प्रश्न : रेकॉर्ड की फाइल?

प्रश्न : एकाच टेक्नो ट्रॅकची माझ्याकडे 12 इंची रेकॉर्ड आहे आणि विकत घेतलेली 320 केबीपीएसची (जास्त दर्जाची) एमपीथ्रीही. हेडफोनवर फरक कळत नाही, पण मंगल कार्यालयातल्या सिस्टीमवर रेकॉर्डचा बास जास्त भरीव लागतो. हा मनाचा खेळ तर नाही ना? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मनाचा खेळ नसावा, पण श्रेय लगेच व्हिनाइलला, म्हणजे रेकॉर्डला, देऊन टाकू नका. रेकॉर्ड कापताना खालचा बास दोन्ही चॅनलवर सारखा, म्हणजे मोनो करून घेतात. डाव्या-उजव्या बासची फेज उलटी असेल, म्हणजे एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली येत असेल, तर चर (सुई जिच्यातून धावते ती खाच) उथळ होत जाते आणि सुई उडते, त्यामुळे कापणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. फाइलवर असं बंधन नाही, तिथे बास हवा तेवढा पसरवता येतो. आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत सिस्टीम बहुधा मोनोच जोडलेली असते. डावं-उजवं एकत्र झालं की पसरलेल्या बासचा काही भाग एकमेकांना मारतो आणि किक, म्हणजे ड्रमचा ठोका, पोकळ होते. हेडफोनमध्ये दोन्ही चॅनल वेगळेच राहतात, म्हणून तिथे ही खोट सापडत नाही.

तपासून बघा. रेकॉर्ड आणि फाइल दोन चॅनलवर लावा, ईक्यू (बास-तारची बटणं) मधोमध ठेवा, ट्रिम (चॅनलच्या आवाजाचं बटण) फिरवून दोन्हींचा मीटर सारखा आणा आणि अदलाबदल दुसऱ्याच्या हाती द्या. मीटर जुळवणं टाळू नका. एखाद्या डेसिबलचा फरकही ‘मोठा’ म्हणून नाही, ‘चांगला’ म्हणून ऐकू येतो. मग मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर मोनोचा खटका असेल तर तो दाबून, हेडफोनवर फक्त फाइल ऐका. बास तिथेही पोकळ झाला, तर दोष त्या फाइलच्या मास्टरचा, म्हणजे तिच्या शेवटच्या ध्वनिसंस्काराचा.

फाइल खरी 320ची आहे का, हेही पाहा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे याचं चित्र) लावा. खऱ्या 320मध्ये रेघ साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत जाते. 16 किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी थांबली, तर बहुधा कुणीतरी 128ची फाइल फुगवून विकली आहे. असला माल हाय-हॅटच्या झांजांवर लगेच उघडा पडतो.

रेकॉर्डचंही सगळं गोड नसतं. 12 इंची मिनिटाला 45 फेऱ्यांनी फिरते तेव्हा सुईखालून 33च्या मानाने सुमारे 35 टक्के जास्त चर जाते, म्हणून क्लबचे सिंगल 45वर कापतात. पण सुई आत सरकेल तसा हा वेग कमी होत लेबलपाशी निम्म्याखाली येतो आणि झांजा फाटायला लागतात. एका बाजूला तीन ट्रॅक कोंबलेली रेकॉर्ड म्हणूनच मिळमिळीत वाजते. नाचायला वाजवायचं असेल तर नीट मास्टर केलेली फाइल कशाला कमी नाही, आणि खराब फाइलपुढे रेकॉर्ड जिंकली तर त्यात नवल नाही.

प्रश्न : स्टेजवर टर्नटेबल ठेवले की बास वाढवताच घूंऽऽ असा आवाज चढत जातो. घरी काहीच होत नाही. सुईवरचं वजन वाढवू का? – होटगी रोड

उत्तर : वजनाने हे जाणार नाही. सबवूफरचा धक्का स्टेजच्या फळ्यांमधून डेकला (टर्नटेबलला) पोचतो, सुई तो उचलते, अॅम्प तोच पुन्हा सबला देतो, असं ते चक्र आहे. डेकचं टेबल स्टेजवर न ठेवता शक्यतो खाली फरशीवर घ्या आणि सब त्यापासून दूर सरकवा. मग टेबलावर जाड स्पंज, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर डेक. शहाबाद आपल्यापासून काही फार लांब नाही, फरशीवाल्याकडे कापलेले तुकडे सहज मिळतात. मिक्सर किंवा क्रॉसओव्हरवर (सब आणि बाकी स्पीकरांत आवाज वाटणाऱ्या यंत्रावर) 30 हर्ट्झचा लो-कट लावा, म्हणजे त्याखालचा आवाज कापला जाईल.

कार्यक्रमाआधी न फिरणाऱ्या प्लॅटरवरच्या (तबकडीवरच्या) रेकॉर्डवर सुई टेकवा आणि फेडर हळूहळू वर न्या. जिथे गुणगुण सुरू होते, त्याच्या किमान 6 डेसिबल खाली रहा.

वजन मात्र एकदा नीट लावून घ्या. अँटी-स्केट (सुईची आतली ओढ तोलणारं बटण) शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. मग फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा, आणि आता वजन व कडी एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेल्या ग्रॅमवर थांबा. त्याहून जास्त दिलं तर सुईही झिजते आणि चरही.

घूं न होता आवाज अगदी बारीक, पत्र्यासारखा येत असेल, तर डेक लाइनच्या सॉकेटला लागला आहे. रेकॉर्डवर बास मुद्दाम दाबून आणि तार आवाज उचलून कापलेला असतो, फोनो इनपुट तो उलटा फिरवून जागेवर आणतं. सलग 50 हर्ट्झची भुणभुण असेल तर आधी डेकची अर्थची बारीक वायर मिक्सरच्या स्क्रूला लागली आहे का ते पाहा.

प्रश्न : आमच्या खोलीवर पत्रा आहे आणि शेजारी यंत्रमाग. रेकॉर्ड टिकतील का? – अक्कलकोट रोड

उत्तर : पत्र्याखाली नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 अंश असले की पत्र्याखाली आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं, आणि व्हिनाइल वाकायला तेवढं पुरतं. तळमजल्यावरच्या खोलीत, उभ्या आणि घट्ट न दाबता ठेवा. आडवी चळत कधीच नको.

कापसाचे तंतू कार्बन ब्रशने दर वेळी काढा. धुवायचं तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा, बोअरचं पाणी वाळलं की चरीत क्षार बसतात आणि टकटक वाढते. स्पिरिट घातलेली क्लीनर जुन्या 78च्या रेकॉर्डना लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात. आजोबांच्या पेटीत हात घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

प्रश्न : पेनड्राइव्ह घरी चालतो, पण कार्यक्रमात सीडीजेवर (डीजेच्या प्लेअरवर) काही ट्रॅक ई-8305 दाखवतात. – सात रस्ता

उत्तर : ‘हा फॉरमॅट मला वाजवता येत नाही’ एवढंच ते सांगतं. सीडीजे-2000 आणि त्याचं पहिलं नेक्सस मॉडेल फ्लॅक प्रकारच्या फाइल घेत नाहीत. डब्ल्यूएव्ही फाइल अडत असेल तर फाइलच्या डोक्यावरची माहिती ‘एक्स्टेन्सिबल’ प्रकारची असू शकते, ऐकायला ती ठणठणीत असली तरी. सगळं 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ एआयएफएफमध्ये बदलून घ्या. दर्जा ऐकायला तोच, आणि कलाकाराचं नाव, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) वगैरे फाइलसोबत राहतं. सात मिनिटांचा ट्रॅक साधारण 74 एमबी होईल, त्या हिशेबाने पेनड्राइव्ह घ्या. मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या मांडणीत येतात, ते जुनी यंत्रं वाचत नाहीत, म्हणून आधी फॉरमॅट करून फॅट32 करा आणि मग रेकॉर्डबॉक्स या सीडीजेच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा. उपसून न काढता ‘इजेक्ट’ करूनच काढा आणि दुसरा तसाच भरलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा.