कार्यालयातील फोन इंटरनेटवर नेल्यापासून दुपारी आवाज तुटतो. लाइनचा वेग दुप्पट करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील मुख्य कार्यालयात चाळीस माणसे आहेत, चाकणला कारखाना आणि नाशिकला लहान शाखा आहे; जुना ईपीएबीएक्स (कार्यालयातले अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून इंटरनेटवर चालणारे फोन बसवले, व्हिडिओ बैठकांसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स घेतले, आणि तेव्हापासून दुपारच्या वेळी आवाज तुटतो. पुण्याची लाइन डाउनलोडला १०० आणि अपलोडला १० एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट म्हणजे एक एमबीपीएस) असून ती दुप्पट करावी, असे पुरवठादाराने सुचवले आहे. मी गेली अनेक वर्षे लहान आणि मध्यम उद्योगांची नेटवर्के आखून देण्याचे काम करतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की हा खर्च तुम्ही आत्ता करू नये.

आधी हिशेब मांडू. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत) आवाजाचे दर २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट (माहितीचे छोटे पुडके) होते, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्यांची व क्रमाची माहिती असते. इथरनेटचा, म्हणजे कार्यालयातील तारेच्या जाळ्याचा, भार धरला तरी एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) लागतात. वीस जण एकाच वेळी बोलत असले तरी पावणेदोन एमबीपीएसच्या वर जात नाही.

मग आवाज तुटतो कशाने? दुपारी लेखाविभागाचा बॅकअप क्लाउडवर जाऊ लागतो, किंवा कोणी डिझाइनच्या मोठ्या फाइली ग्राहकाला पाठवतो. अपलोड काठोकाठ भरतो आणि मागाहून येणारी पॅकेट राउटरच्या किंवा मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) रांगेत थांबतात. हा बफर १ मेगाबाइटचा, म्हणजे ८० लाख बिटचा, असेल, तर १० एमबीपीएसच्या वेगाने तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. आवाजाचे २०० बाइटचे पॅकेट या रांगेच्या शेवटी उभे राहिले, की ते ८०० मिलिसेकंद उशिरा बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि नेटवर्क आखताना ४०० ची मर्यादा ओलांडू नये. शिवाय रांग सारखी लहान-मोठी होत राहिल्यामुळे पॅकेट एकसारख्या अंतराने पोहोचत नाहीत, आणि फार उशिरा आलेले पॅकेट पलीकडचा फोन टाकून देतो. तुम्हाला ऐकू येणारी तूट ती हीच. वेगाची चाचणी निवांत वेळी घेतली तर त्यात यातले काहीच दिसत नाही. अपलोड २० एमबीपीएस केला तरी बॅकअप तोही भरून टाकेल, फक्त थोड्या कमी वेळासाठी.

खात्री करून घेणे सोपे आहे. टेलिफोन सेवेच्या सर्व्हरला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुपारी मुद्दाम बॅकअप सुरू करा. पंधरा-वीस मिलिसेकंदांचा आकडा काही शेकड्यांवर गेला, तर रोग सापडला.

त्यावरचा उपाय दोन भागांत आहे आणि दोन्ही एकत्रच करावे लागतात. पहिला, राउटरवर बाहेर जाणारा वेग ९ ते ९.५ एमबीपीएसवर बांधून घ्यावा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यातील राउटरवर लागेल. दुसरा, त्या रांगेत आवाजाला सर्वांच्या पुढे जाण्याचा हक्क द्यावा, मात्र त्याला एकूण वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा घालावी, नाहीतर चुकीने खूण झालेली एखादी फाइलही त्याच वाटेने घुसते. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी (पॅकेटचा अग्रक्रम सांगणारा आकडा) ४६ ही खूण असावी आणि व्हिडिओवर ३४. फोनच्या पोर्टवरून (तार जोडण्याच्या खाचेतून) आलेली खूण स्विचने, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडल्या जातात त्या डब्याने, मान्य करावी, संगणकांवरून येणारी सरसकट मान्य करू नये. बाहेरच्या इंटरनेटवर या खुणांना सहसा कोणी विचारत नाही, हे खरे आहे. पण अडथळा बहुतेक वेळा तुमच्याच दारात असतो आणि तिथे ती खूण पूर्ण कामी येते.

कार्यालयाच्या आत फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी जाळे) ठेवावा. टेबलावरचे फोन तारेवरच ठेवावेत. वायफायवर फक्त फिरती माणसे असावीत, तीही ५ गिगाहर्ट्झवर. फोनला तारेतूनच वीज देणारा स्विच घेताना पोर्ट मोजू नका, त्याची एकूण वॉट क्षमता पाहा. ८०२.३एएफ या मानकात एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते, म्हणजे २४ पोर्टना पूर्ण क्षमतेने सुमारे ३७० वॉट लागतील, आणि स्वस्त स्विचमध्ये बरेचदा त्याच्या निम्मीही क्षमता नसते. फोन सहसा याहून पुष्कळ कमी वीज घेतात, तरी कॅमेरे आणि वायफायची यंत्रे त्याच स्विचवर आली, की शेवटचे फोन चालू होत नाहीत.

नाशिकच्या शाखेचा सगळा प्रवाह व्हीपीएनने (इंटरनेटवरून नेलेल्या खासगी, सुरक्षित वाटेने) पुण्यात आणून तिथून बाहेर सोडला जातो, असे तुम्ही लिहिले आहे. फाइलींसाठी ते ठीक आहे. टीम्सचा आवाज आणि व्हिडिओ मात्र नाशिकहून थेट इंटरनेटवर जाऊ द्यावा. त्यासाठी यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीचे ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट (इथे स्विचच्या खाचा नव्हेत, तर क्रमांक दिलेली आभासी दारे) मोकळे ठेवावेत.

एसआयपी म्हणजे इंटरनेटवरचा कॉल जोडण्याची नियमावली; तिचे संदेश वाटेत बदलणारी राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय बंद करावी, हे मी आग्रहाने सांगतो. एका कारखान्यात प्रत्येक कॉल ३२ व्या सेकंदाला बंद पडत असे आणि आम्ही दोन दिवस लाइन तपासत बसलो होतो. कॉल उचलल्यावर पलीकडून यायची पोच ती सोय बिघडवत होती, आणि एसआयपीच्या नियमाप्रमाणे पोच न मिळाल्यास ३२ सेकंदांनी वाट पाहणे संपते. कॉल नेमका त्याच क्षणी तुटत असेल किंवा एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर लाइनकडे बघण्याआधी राउटरची ही सेटिंग पाहा.

बाहेरच्या क्रमांकांसाठी एसआयपी ट्रंक (सार्वजनिक टेलिफोन जाळ्याशी जोडणी) परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. शाखांमधील खासगी जोडणीवरून आलेला कॉल दुसऱ्या शहरात सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात उतरवून एसटीडीचे शुल्क वाचवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती नाकारा. आपल्याकडे त्याला मनाई आहे. परदेशी कॉलची सोय ज्यांना खरोखर लागते त्यांनाच द्या, कारण सोपा पासवर्ड हाती लागला की रात्रभरात मोठे बिल उभे राहते.

आणखी एक गोष्ट चाकणसाठी. जुन्या साध्या फोनला एक्स्चेंजकडून तारेतूनच वीज मिळत असे. नव्या फोनला स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही चालू असावे लागतात, म्हणून यूपीएसवर तिन्ही जोडा. पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, तेव्हा बॅटरी किती वेळ टिकते ते त्याच दिवशी मोजून घेता येईल. आणि फाटकाजवळच्या सुरक्षारक्षकाच्या खोलीत मोबाइल किंवा या यंत्रणेबाहेरची एखादी लाइन कायम ठेवा, म्हणजे आग लागून वीज तोडावी लागली तरी तिथून १०१ किंवा ११२ ला फोन लागेल.