कोल्हापुरात निवासी प्लॉटवर दोन म्हशी आणि डझनभर कोंबड्या पाळता येतील का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या वसाहतीत आपला पाच गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे, त्यावर घर झाले आहे, गावाकडची जमीन वाटणीत गेल्यामुळे वडील दोन म्हशी आणि डझनभर कोंबड्या घेऊन आपल्याकडे राहायला येत आहेत, आणि शेजारच्या गृहस्थांनी आत्ताच ‘निवासी जागेत जनावरे चालत नाहीत, मी अर्ज देणार’ असे सुनावले आहे. कायद्याने किती जनावरे ठेवता येतात, तेवढा आकडा आपणांस हवा आहे.

मी वकील नाही. घरबांधणीचे नकाशे तयार करून ते मंजूर करून घेणे हा माझा व्यवसाय आहे. आमच्या घरी मात्र माझ्या लहानपणापर्यंत शनिवार पेठेत म्हशींचा गोठा होता आणि तो शहराबाहेर का हलवावा लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळणार नाही. जमीन कशासाठी आहे, दूध कोणासाठी आहे आणि शेजाऱ्याला उपद्रव होतो की नाही, हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि ते तीन निराळे कायदे विचारतात. एका प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूने आले म्हणजे बाकीचे दोन सुटले, असे होत नाही. बहुतेक लोक नेमके येथेच फसतात.

प्रथम जमिनीविषयी. आपला प्लॉट महानगरपालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर, हे आपण स्पष्ट लिहिलेले नाही आणि पाचगाव, मोरेवाडी, उचगाव या बाजूंना रस्त्याच्या एका कडेला शहर व दुसऱ्या कडेला ग्रामपंचायत अशी स्थिती असल्यामुळे पुष्कळांना ते स्वतःलाही ठाऊक नसते. शहरालगतच्या 42 गावांसाठी 2017 साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्यामुळे ‘आम्ही ग्रामपंचायतीत आहोत, आम्हांला नगररचनेचे नियम लागू नाहीत’ हे जुने वाक्य आता उपयोगी पडत नाही. डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच लागू आहे. फरक एवढाच, की कागद कोणत्या टेबलावर जाणार ते बदलते.

त्या नियमावलीत जमिनीचे विभाग पाडलेले आहेत आणि दुग्धव्यवसाय किंवा कुक्कुटपालन यांची स्वाभाविक जागा शेती विभागात धरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हीदेखील शेतजमिनीवरील इमारतीची व्याख्या करताना गुरांसाठीचा निवारा त्यात स्पष्टपणे धरते, म्हणजे शेतात गोठा बांधणे हा शेतीचाच भाग समजला जातो. आपल्या जमिनीची गोष्ट उलटी आहे. तिचा बिनशेती आदेश झाला त्या दिवशी शेतकऱ्याला असलेली ही सवलत तिच्यावरून उठली. तो आदेश किंवा सनद काढून त्यातील अटी वाचाव्यात, ही माझी पहिली विनंती आहे. जमिनीचा वापर केवळ निवासी प्रयोजनासाठी करावा, अशी अट त्यात सर्रास असते आणि प्लॉट पाडणाऱ्याने आपल्या खरेदीखतातही काही बंधने घातलेली असू शकतात. खरेदीच्या वेळी ती पाने कोणी वाचत नाही, भांडणाच्या वेळी मात्र शेजारी ती शोधून आणतो.

येथे एक गोष्ट माझ्या व्यवसायातून सांगतो, कारण ती वकीलसुद्धा कधी कधी विसरतात. निवासी वसाहतीत नोटीस बहुधा म्हशीला येत नाही, ती पत्र्याच्या शेडला येते. आपण घराच्या बाजूला चार लोखंडी खांब उभे करून वर पत्रे टाकता, खाली कोबा करता, गव्हाण बांधता. आपल्या मते तो गोठा असतो, परंतु नगररचनेच्या दृष्टीने ते सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, केलेले विनापरवाना बांधकाम ठरते. महापालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 खाली आणि एरवी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नोटीस देता येते, आणि ती देणाऱ्या अधिकाऱ्याला जनावरे पाळण्याच्या हक्काविषयी एक अक्षरही लिहावे लागत नाही. शेजाऱ्याने ‘दुर्गंधी येते’ असा अर्ज दिला तर चौकशी लांबते, ‘शेड बेकायदा आहे’ असा अर्ज दिला तर फीत घेऊन मोजणी करता येते. त्यामुळे शेड घालायचेच असेल, तर मंजूर नकाशात दाखवून घालावे.

आता दुसरा प्रश्न, दूध कोणासाठी. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 376 मध्ये घोडे, गुरे अथवा अन्य चतुष्पाद प्राणी विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा त्यांच्यापासून मिळणारे उत्पन्न विकण्यासाठी जागेत ठेवायचे असल्यास आयुक्तांचा परवाना लागतो. या कलमाचा रोख जनावरांच्या संख्येपेक्षा हेतूवर आहे. एकच म्हैस असली तरी तिच्या दुधाचे रतीब घातले तर परवाना लागेल, आणि दूध सगळे घरातच संपत असेल तर या कलमाची अडचण येणार नाही. दोन म्हशींचे दूध घरात संपते का, याचे उत्तर मात्र आपण स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे. आपल्या भागातील पंढरपुरी म्हैस सहा ते आठ लिटर दूध सहज देते, तेव्हा दोन म्हशी एकाच वेळी दुधात असतील तर दिवसाला डझनभर लिटर दूध घरात येईल. ते शेजारी, नातेवाईक, कोपऱ्यावरचा चहावाला असे करत बाहेर जाणार, आणि पहिला पैसा हातात पडला की तो व्यवसाय झाला.

संख्येचा उल्लेख मला नक्की माहीत असलेल्या एका ठिकाणी सापडतो : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली 1978 साली गुरांच्या जागांच्या नोंदणीचे नियम झाले आणि एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत नफ्यासाठी पाच किंवा अधिक गुरे जेथे ठेवली जातात त्या जागेची नोंदणी त्यांनी आवश्यक केली. ‘चारपर्यंत चालतात’ अशी जी समजूत गल्लोगल्ली ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथे असावे. पण पाचांना नोंदणी लागते याचा अर्थ चारांना मुभा आहे, असा होत नाही. याखेरीज नागरी क्षेत्रांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण करणे यांवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा 1976 चा स्वतंत्र अधिनियम आहे. शासनाने ज्या क्षेत्रांना तो लागू केला असेल तेथे गुरे ठेवण्यास परवाना लागतो, म्हणून आपल्या सर्व्हे नंबरासाठी तो लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

आपण गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा दाखला दिला आहे. भर शहरात म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि लोक धारोष्ण दूध पिऊन जातात, दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवलेल्या म्हशी मिरवतात, मग माझ्या दोनच म्हशी कोणाच्या डोळ्यांत का खुपाव्यात, असा आपला सूर आहे. तो सूर मला परका नाही, आमच्या आजोबांचाही तोच होता. परंतु गवळी समाजाची वस्ती, तिथले जुने गोठे आणि तालमीतल्या पैलवानांच्या खुराकाभोवती वाढलेली ती रीत शहराच्या आधीपासून तेथे आहे आणि शेजारीही पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. आपल्या वसाहतीतील माणसाने कर्ज काढून घर घेतले ते ‘निवासी’ हा शब्द वाचून. शिवाय जुन्या गोठ्यांनाही आता पूर्वीची मोकळीक राहिलेली नाही. रंकाळ्यात जनावरे धुण्यास मनाई झाली आणि शेणाचे पाणी गटारातून जयंती नाल्यात व तेथून पंचगंगेत जाते म्हणून तक्रारी झाल्या. आमचा गोठा हलला त्याचे कारण कायद्याच्या कलमापेक्षा हे शेणाचे पाणीच होते.

म्हणून तिसऱ्या प्रश्नावर, उपद्रवावर, मी सर्वांत जास्त भर देईन. साधारण चारशे किलो वजनाचे एक जनावर दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण आणि जवळपास तितकेच लिटर मूत्र टाकते. दोन म्हशींचे रोजचे तीस-चाळीस किलो शेण, म्हणजे महिन्याला सुमारे एक टन, आपण पाच गुंठ्यांत कोठे ठेवणार? गावाकडे उकिरडा असतो आणि उन्हाळ्यात तो शेतात जातो. वसाहतीत शेण घेऊन जाणारे कोणी नसते, आणि पावसाळ्यात, तोही कोल्हापूरचा पावसाळा, गोवऱ्याही वाळत नाहीत. जागेचा हिशेब त्या मानाने सोपा आहे : एका म्हशीला छपराखाली सुमारे चार आणि उघड्यावर आठ चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे दोघींना चोवीस, आणि पाच गुंठे म्हणजे पाचशे चौरस मीटरांहून थोडे अधिक. म्हशी मावतील, प्रश्न त्यांच्यामागून येणाऱ्या शेणाचा आहे. एक घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज साधारण पंचवीस किलो शेण लागते, तेव्हा ते बसवल्यास मोठा भाग मार्गी लागेल, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या मळीलाही बाग किंवा शेत लागतेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली दुग्धशाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गोठा निवासी घरांपासून 200 मीटर आणि शाळा व रुग्णालयांपासून 500 मीटर दूर असावा, असे म्हटले होते. त्या सूचना व्यावसायिक दुग्धशाळांना उद्देशून होत्या, घरच्या दोन म्हशींना नव्हत्या. तरीही तक्रारदाराचा वकील हे अंतर दाखवणार, याची कल्पना असू द्यावी.

उपद्रवाची तक्रार पोलिसांकडेही जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे, कलम 292 मधील दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे, त्याला कोणी घाबरत नाही. घाबरावे ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 ला, कारण त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि तो आदेश आला की म्हशी कोठे न्यायच्या हे ठरवायला फार दिवस मिळत नाहीत.

कोंबड्यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. कलम 376 चा उपरोल्लेखित भाग चतुष्पाद प्राण्यांविषयी आहे आणि घरच्या अंड्यांसाठी ठेवलेल्या डझनभर कोंबड्या म्हणजे कुक्कुटपालन केंद्र नव्हे. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब ठेवावे, विष्ठा रोज काढावी आणि कोंबडा ठेवू नये. अंड्यांसाठी त्याची गरज नसते आणि पहाटे चारला आरवणारा कोंबडा वसाहतीतील निम्मी भांडणे सुरू करतो, असे माझे निरीक्षण आहे.

माझे मत विचाराल तर मी आपल्या जागी असतो तर कोंबड्या घरी ठेवल्या असत्या आणि म्हशींसाठी दोन-चार किलोमीटरवर एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात दावणीपुरती जागा भाड्याने घेतली असती. वडिलांना सकाळ-संध्याकाळ धारेसाठी जाणे-येणे होईल, वैरण तेथेच मिळेल, शेणही शेतकऱ्यालाच हवे असते, त्यामुळे भाड्यातून काही वजावटही होऊ शकेल. जागा पाहताना ती निळ्या पूररेषेच्या आत नाही ना, हे तपासावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीवर गेली की दावणी सोडायची तयारी करावी लागते आणि 43 फुटांची धोका पातळी त्यानंतर फार दूर नसते. 2019 व 2021 साली ज्यांनी जनावरे वेळेत हलवली नाहीत त्यांचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हशींच्या कानातील बारा अंकी बिल्लाही येथे आणण्यापूर्वी तपासून घ्या, कारण जून 2024 पासून राज्यात त्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही.

वडिलांचे मन म्हशी डोळ्यांसमोर असल्याशिवाय रमणार नाही, हे मी समजू शकतो. तेव्हा घरीच ठेवायचे ठरले तर एकच म्हैस ठेवावी आणि सुरुवात झोन दाखल्यापासून करावी. सर्व्हे नंबर वा सिटी सर्व्हे नंबर, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून नगररचना विभागात अर्ज दिला की जमीन कोणत्या विभागात आहे ते लेखी मिळते. तोंडी उत्तरावर विसंबू नये. आम्हांला एका कार्यालयात ‘घरच्या दुधासाठी काही लागत नाही, बिनधास्त ठेवा’ असे सांगितले गेले होते आणि पुढच्या वर्षी त्याच खोलीतून नोटीस आली, तेव्हा आधीच्या साहेबांची बदली झालेली होती. आणि आरोग्य विभागाकडे अर्ज करताना ‘दूध केवळ घरगुती वापरासाठी’ हे वाक्य ते खरे असेल तरच लिहावे. उद्या दोन घरी रतीब सुरू झाले तर शेजाऱ्याला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही, आपल्या सहीचा कागद त्याला माहिती अधिकारात सहज मिळेल.