वाचकांचे प्रश्न : दुरुस्त केलेली फाईल पुन्हा पूर्ववत का होते?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर आहे. त्याच्या '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फायलीत मी दुसऱ्या डीएनएसचा (नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता लिहितो, पण सर्व्हर पुन्हा सुरू केला की तो नाहीसा होतो. शिवाय सर्व्हरचा स्वतःचा पत्ता बदलून राउटरमध्ये नवी नोंद केली, तरी देवघेवीच्या टेबलावरचा उबुंटू संगणक जुन्याच पत्त्यावर जातो. याचे कारण काय असावे?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : कोणत्याही फायलीला हात लावण्यापूर्वी ती कोण लिहिते आणि ती केव्हा वाचली जाते, हे पाहणे आवश्यक असते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही खरी फाईल नसून '/रन' मधील एका फायलीकडे नेणारा दुवा असतो. 'एलएस -एल' ही आज्ञा दिल्यास तो बाणासह दिसेल. '/रन' मधील मजकूर केवळ मेमरीत राहत असल्यामुळे सर्व्हर बंद होताच तो जातो आणि सुरू होताना 'सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी' ही सेवा तो नव्याने लिहिते. तेथे दिसणारा १२७.०.०.५३ हा पत्ता चुकीचा समजून अनेकजण खोडतात. वस्तुतः ती सेवा त्याच पत्त्यावर विचारणा स्वीकारत असते, म्हणून तो तसाच राहू द्यावा.

नेटप्लॅन हे उबुंटूतील नेटवर्कची मांडणी ठरवणारे साधन आहे. आपला डीएनएस '/ईटीसी/नेटप्लॅन' मधील यामल फायलीत (मांडणी साध्या मजकुरात लिहिलेल्या फायलीत), संबंधित नेटवर्क कार्डाच्या 'नेमसर्व्हर्स' या विभागात लिहावा. ओळींची समासातील जागा स्पेसनेच सोडावी, टॅब चालत नाही. सर्व्हरला पत्ता डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप, मिळत असेल, तर राउटरने दिलेले डीएनएसही वापरात राहतात. ते नको असल्यास 'डीएचसीपी४-ओव्हरराइड्स' खाली 'यूज-डीएनएस: फॉल्स' असे नमूद करावे लागते. तथापि ग्रंथसूचीसारखी सर्वांच्या उपयोगाची सेवा ज्या यंत्रावर आहे, त्याचा पत्ता कायमचा ठरवून देणेच मला योग्य वाटते.

दुसरी अडचण बहुधा टेबलावरच्या संगणकातील '/ईटीसी/होस्ट्स' या फायलीत आहे. पूर्वी कोणीतरी तेथे '१९२.१६८.१.२० ग्रंथसूची' अशी, म्हणजे आधी पत्ता आणि मग नाव असलेली ओळ घातली असावी. डीएनएसची रचना १९८३ साली मांडली गेली, त्यापूर्वी नावे अशा याद्यांतूनच शोधली जात, आणि आजही त्या यादीचा मान पहिला आहे : '/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ' मधील 'होस्ट्स' या ओळीत 'फाइल्स' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी येतो. त्यामुळे राउटरमधील नव्या नोंदीपर्यंत विचारणा पोहोचतच नाही. जुनी ओळ काढून 'गेटेंट होस्ट्स ग्रंथसूची' ही आज्ञा द्यावी, म्हणजे संगणक आता कोणता पत्ता धरतो ते कळेल. अशी ओळ ठेवणे भागच असेल, तर तिच्या वर '#' चिन्हाने सुरू होणारी टीप लिहून तारीख आणि कारण नोंदवावे. वाचनालयात स्वयंसेवक बदलत राहतात आणि नंतर येणाऱ्याला त्या टीपेखेरीज दुसरा आधार नसतो.

बदलापूर्वी मूळ फायलीची प्रत अवश्य ठेवावी, मात्र ती नेटप्लॅनच्याच फोल्डरमध्ये '.यामल' या शेवटासह ठेवू नये, कारण तेथील अशा सर्व फायली नावांच्या क्रमाने वाचून एकत्र केल्या जातात आणि जुनी प्रत नव्या बदलावर मात करू शकते. बदल लागू करताना 'नेटप्लॅन ट्राय' वापरावे. १२० सेकंदांत आपण एंटर दाबून संमती दिली नाही, तर ती आज्ञा आधीची मांडणी परत आणते. घरून सर्व्हरवर काम करणाऱ्याला याचा विशेष उपयोग होतो.