जिबूतीसारख्या एवढ्याशा देशात अमेरिका, चीन, फ्रान्स, जपान या सगळ्यांचे लष्करी तळ शेजारीशेजारी कसे? आणि भारताचा तिथे तळ का नाही?

मर्चंट नेव्हीत इंजिन खात्यात असताना या पट्ट्यातून जाणं-येणं झालंय, म्हणून उत्तर देतोय. लष्करी डावपेचांतलं मला फारसं कळत नाही. पण जहाज कुठे थांबतं, इंधन कुठे भरतं आणि बिघडलं तर कुणाच्या दारात जातं, एवढं कळलं तरी तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

आधी नकाशा बघा. लाल समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड म्हणजे बाब-एल-मांडेब ही सामुद्रधुनी. रुंदी जेमतेम ३० किलोमीटर, त्यातही मध्ये पेरिम बेट. मुंबईहून सुएझमार्गे युरोपला जायचं तर याच फटीतून जावं लागतं. पलीकडच्या काठावर येमेन, तिथे वर्षानुवर्षं यादवी. अलीकडे, आफ्रिकेच्या बाजूला, इरिट्रिया, त्यांचं दार सहसा बंद. खाली सोमालिया, त्याबद्दल बोलायलाच नको. उरला जिबूती: क्षेत्रफळ साधारण २३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून साधारण एक-तृतीयांशाने मोठा, आणि लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. बारमाही नदी नाही, शेती नावापुरती. विकायला काय आहे, तर जागा.

ही जागा मोक्याची ठरली ती कोळशामुळे. वाफेच्या बोटींना ठरावीक अंतरावर कोळसा लागायचा. मुंबई ते सुएझ या वाटेवर तो साठवायला ठिकाण हवं, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कॅप्टन हेन्सने जानेवारी १८३९ मध्ये एडन (आजच्या येमेनमधलं बंदर) घेतलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबईतून चालला. वासुदेव बळवंत फडके शेवटी एडनच्या तुरुंगात वारले, ते १८८३ साली, हे आपण शाळेत वाचतो. पण आद्य क्रांतिकारकाला अरबस्तानाच्या टोकाला का नेलं, हा प्रश्न निदान मला तरी तेव्हा पडला नव्हता. एडन त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग होतं.

फ्रेंचांनी समोरच्या काठावर ओबॉक नावाचं ठिकाण १८६२ साली करार करून घेतलं आणि वीसेक वर्षं तसंच पडू दिलं. मग व्हिएतनामच्या टोंकिन प्रांतावरून त्यांचं युद्ध जुंपलं. ब्रिटिशांनी तटस्थतेकडे बोट दाखवून एडनमध्ये फ्रेंच युद्धनौकांना कोळसा नाकारला. तेव्हा फ्रेंच धावतपळत ओबॉकला आले आणि काही वर्षांत तिथून अधिक चांगल्या बंदरावर, जिबूतीला, सरकले. ते युद्ध कुणाशी होतं? चीनशी. ज्या बंदराचं नशीब चीनशी झालेल्या लढाईने उघडलं, त्याच बंदराशेजारी आज चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ आहे. इतिहासाची अशी थट्टा मला फार आवडते. इटलीही तेव्हा मागे नव्हती: सुएझ उघडला त्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्यांच्या एका जहाज कंपनीने असाब विकत घेतलं आणि १८८५ मध्ये सरकारने मसावा बळकावलं; ही दोन्ही बंदरं आजच्या इरिट्रियात आहेत.

आता आजचं. २७ जून १९७७ ला जिबूती स्वतंत्र झाला, पण फ्रेंच सैन्य राहिलंच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने फ्रेंचांची जुनी छावणी, कॅम्प लेमोनिए, घेतली. २०१४ साली तिचा करार वाढवला तेव्हा वर्षाचं भाडं ६ कोटी डॉलरच्या वर गेलं. जपान २०११ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा त्यांचा परदेशातला हा पहिला तळ. इटली २०१३ मध्ये. चीनने १ ऑगस्ट २०१७ ला झेंडा फडकवला. अमेरिकी छावणीपासून हे अंतर मोटारीने सहज उरकेल एवढंच.

या गर्दीला निमित्त मिळालं सोमाली चाच्यांचं. २००८ मध्ये अपहरणांचा सुळसुळाट झाला आणि देशोदेशीच्या युद्धनौका एडनच्या आखातात गस्तीला आल्या. भारताची ऑक्टोबरमध्ये, चीनची त्या वर्षअखेरीस निघाली. आमच्यासारख्यांसाठी ते दिवस म्हणजे रेलिंगला काटेरी तारा, डेकवर पाण्याचे फवारे आणि हल्ला झालाच तर सगळ्यांनी आतून बंद करून बसायची ‘सिटाडेल’. नौदलांची अडचण वेगळी. घरापासून इतक्या लांब जहाज महिनोन्महिने ठेवायचं तर डिझेल, गोडं पाणी, ताज्या भाज्या, सुटे भाग आणि खलाशांना दोन दिवस जमिनीवर पाय टेकायला जागा लागते. दर वेळी दुसऱ्याच्या धक्क्यावर वेळ मागत बसणं महासत्तेला परवडत नाही. २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं काढताना चीनला हे चांगलंच जाणवलं असावं.

जिबूतीच्या राज्यकर्त्यांचा हिशेब मला हुशारीचा वाटतो. एकमेकांशी न पटणारे भाडेकरू एकाच वाड्यात ठेवले की कुणीच घरमालकावर दादागिरी करू शकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार केली की चिनी तळाच्या बाजूने आपल्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेझर मारले जातात. चीनने साफ इन्कार केला. आणि भाडं दोघांकडूनही येत राहिलं.

पण घरमालक कर्जातही आहे, आणि तिथे चीनचं पारडं जड आहे. १९९३ मध्ये इरिट्रिया फुटून निघाल्यावर इथिओपियाला किनारा उरला नाही, आणि १९९८ च्या युद्धाने असाबची वाटही बंद झाली. आता त्यांचा ९० टक्क्यांहून जास्त व्यापार जिबूतीतून होतो. त्यासाठी अदिस अबाबापर्यंतची साडेसातशे किलोमीटरची रेल्वे चिनी कर्जातून झाली. दोराले इथलं कंटेनर टर्मिनल दुबईच्या डीपी वर्ल्डकडे होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने तो करार मोडून ते काढून घेतलं. जिबूतीच्या बंदर कंपनीत चिनी सरकारी कंपनीचा हिस्सा त्याआधीपासून आहेच. व्यापारी धक्का कुठे संपतो आणि लष्करी कुठे सुरू होतो, याची चिंता अमेरिकेला वाटते ती उगाच नाही.

तरीही या तळांचा दबदबा लोक फुगवून सांगतात असं माझं मत आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं मारायला सुरुवात केली. एवढी नौदलं हाकेच्या अंतरावर असताना मोठ्या कंटेनर कंपन्यांनी काय केलं? आफ्रिकेला वळसा घातला, दहा-चौदा दिवस जास्त घालवून. विम्याचा दर ठरवणारा माणूस झेंडे मोजत नाही, काल किती जहाजांना आग लागली ते मोजतो.

भारताचं म्हणाल तर २०१५ च्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये येमेनमधून सुटका केलेले लोक आपल्या युद्धनौकांनी जिबूतीलाच उतरवले, त्यांत ‘आयएनएस मुंबई’ होती. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाज सोडवून ३५ चाचे थेट मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेही तिथे तळ नसताना. आपण दुसरा रस्ता धरला: ओमानमध्ये दुक्म बंदराची सोय, मॉरिशसच्या अगालेगा बेटावर धावपट्टी आणि धक्का. शिवाय इंधन-रसदीचे परस्पर करार अमेरिकेशी २०१६ मध्ये, फ्रान्सशी २०१८ मध्ये आणि जपानशी २०२० मध्ये झाले. तिघांचेही तळ जिबूतीत आहेत. बिल भरलं की डिझेल मिळतं. भाडं भरायचं त्यांनी, चिनी शेजाऱ्याशी कुरबुरीही त्यांनीच करायच्या. प्रत्यक्ष लढाईत यांतलं कोण आपल्याला धक्क्याला लागू देईल, हे मात्र कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं, आणि स्वतःचा तळ हवा म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा तोच आहे.