होमवर्ल्डमध्ये जहाजे वर-खाली नेमकी कशी न्यावीत?

होमवर्ल्ड हा अंतराळातल्या जहाजांच्या लढाईचा संगणकावरचा खेळ खेळताना जहाजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे नीट जातात, पण वर किंवा खाली पाठवायला गेल्यास ती भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहतात, तर चूक कुठे होते, असे आपण विचारले आहे. १९९९ सालचा मूळ खेळ आणि २०१५ साली आलेली त्याची सुधारित आवृत्ती असे दोन्ही मी खेळलो आहे आणि सुरुवातीचे कित्येक दिवस माझीही अशीच फजिती होत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी कळा. जहाजे निवडून कीबोर्डवरील एम दाबल्यावर त्यांच्याभोवती एक आडवी तबकडी उमटते आणि माउस हलवाल तसा मुक्कामाचा बिंदू त्या तबकडीच्या पातळीत सरकतो. आडव्या पातळीतली जागा पक्की झाली की शिफ्ट दाबून धरावी आणि माउस वर किंवा खाली न्यावा. आता बिंदू तबकडी सोडून चढू-उतरू लागतो आणि तबकडीपासून त्याच्यापर्यंत एक उभी रेघ दिसते. उंची मनासारखी झाली की शिफ्ट न सोडताच डावे बटण दाबावे. आधी जागा आणि मग उंची, हा क्रम मोडू नये.

परंतु एवढे करूनही जहाजे भरकटतात, आणि माझ्या मते त्याचे कारण कळांमध्ये नसून आपण कुठून पाहतो यात आहे. मी कोकणातल्या हर्णैचा. आमच्याकडे होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाताना होडी आधी खडकाच्या अंगाला आणून नांगरतात आणि मगच गरी पाण्यात सोडतात. दोर हातावरून सोडताना तो वावांनी मोजतात, एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर. मोजायचे कारण असे की, काठावरून वाकून पाहिले तर दोर पाण्यात शिरतो ती जागा तेवढी दिसते, खाली तो दोन वाव गेला आहे की दहा, हे डोळ्यांना कळत नाही. कॅमेरा डोक्यावर ठेवून आपण शिफ्ट दाबतो तेव्हा पडद्यावर हेच घडते, कारण ती उभी रेघ आपल्याकडे टोक करून उभी असते आणि आखडून ठिपक्याएवढी दिसते. आपल्याला वाटते की जहाज जरासे वर घेतले, प्रत्यक्षात ते कितीतरी वर गेलेले असते. माझी बॉम्बफेकी विमाने एकदा अशीच इतकी उंच गेली की ती परत येईपर्यंत खाली फ्रिगेटांचा, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ जहाजांचा, निकाल लागला होता. त्यातून मूळ खेळात लहान जहाजांना इंधनही पुरवावे लागे, त्यामुळे फुकटची चढण दुप्पट महाग पडे. सुधारित आवृत्तीत ती कटकट ठेवलेली नाही.

म्हणून उंची ठरवायची असेल तेव्हा माउसचे उजवे बटण दाबून धरून कॅमेरा खाली आणावा, इतका की तबकडी जवळजवळ एका रेषेसारखी, समुद्रावरून क्षितिज दिसावे तशी, दिसू लागेल. मग उभी रेघ पूर्ण लांबीने समोर येते आणि उंचीचा अंदाज चुकत नाही. आडवी जागा निवडताना मात्र कॅमेरा वर असलेलाच बरा. चाक फिरवून थोडे दूर जाऊन पाहिले तर माउसला फिरायला जागाही पुरते. फार लांबचा पल्ला असेल तर स्पेसबार दाबून सेन्सर्स मॅनेजर, म्हणजे सगळ्या रणांगणाचा नकाशा, उघडावा, तिथेही एम आणि शिफ्ट असेच चालतात.

हेही ध्यानात असू द्या की हल्ल्याचा हुकूम देताना उंची सांगावी लागत नाही. शत्रूचे जहाज वर असो वा खाली, आपली जहाजे तिकडे स्वतःहून वळतात. उंचीचा खरा उपयोग लढाईपूर्वी जागा धरण्यासाठी आहे. आयन तोफेच्या फ्रिगेटचेच पाहा: तिची तोफ समोर रोखलेली असते, त्यामुळे नेम धरायला सगळे जहाज वळवावे लागते आणि ते सावकाश वळते. अशा फ्रिगेटांच्या तोंडावर जाण्याऐवजी आपली लहान जहाजे पोटाखालून किंवा माथ्यावरून आणली, तर त्यांना तोंड फिरवायला लागणारा वेळ आपल्या पदरात पडतो. मला स्वतःला खालून येणे अधिक फायद्याचे वाटते, पण त्याला आधार माझ्या सवयीचाच आहे.

लॅपटॉपच्या टचपॅडवर हे सारे करू पाहत असाल तर आधी एक साधा माउस घ्यावा, कारण कॅमेरा फिरवणे आणि शिफ्ट धरणे ही कामे एकापाठोपाठ करताना टचपॅडवर बोटे अपुरी पडतात. सरावासाठी एकच स्काउट, म्हणजे टेहळणीचे लहान जहाज, निवडावा, एफ दाबून कॅमेरा त्याच्यावर आणावा, त्याला सरळ वर पाठवावे आणि तो पोहोचेपर्यंत बाजूने पाहत राहावे. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की शिफ्ट धरून माउस किती हलवला म्हणजे जहाज किती चढते, हे हाताला कळू लागते.