रविवारचा चेहरा

मावशीला विचारा

प्रश्न : सलाम मावशी. माझं माहेर जालन्याचं. लग्न होऊन नागपुरात आले त्याला तीन वर्षं झाली. दर रविवारी सासूबाईंबरोबर उपासनेला जाते. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन आमच्या चर्चच्या भिंतीवरच रंगवलेलं आहे. त्याच भिंतीखाली महिला संघातल्या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसतात, कमिटीच्या निवडणुकीवरून पुरुष गेटजवळ भांडतात, आणि मी ‘व्हय’ म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. गेल्या पावसाळ्यात सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. सगळ्यांनी सांगितलं, देवाची इच्छा, तू आनंदी राहा. सासूबाई म्हणतात, निदान चर्चमध्ये तरी चेहरा हसरा ठेव. मला ते होत नाही. रात्री झोपही नीट लागत नाही. माझा विश्वास कमी पडतो का? की चर्चच बदलू? – एक बहीण, जरीपटका

उत्तर : सलाम बेटा. पहिले हे ऐक, चेहरा हसरा ठेवायचा नाही. सासूबाईंना हा अंक दाखव आणि म्हण, मावशीनं सांगितलं आहे. त्या रागावल्या तर माझ्यावर रागावतील. मला सवय आहे.

आता ते भिंतीवरचं वचन. रंगाऱ्याला जागा कमी असते, म्हणून तो एकच ओळ घेतो. तू घरी बायबलातल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघड. ‘आनंद करा’ हे चौथं वचन. तिथून दोन वचनं वर सरक. तिथं युवदीया आणि सुंतुखे नावाच्या दोन बायका भेटतील. एकाच मंडळीतल्या, आणि एकमेकींशी बिनसलेल्या. कशावरून बिनसलं ते पौलानं लिहिलेलं नाही. (मला विचारशील तर हिशोबावरूनच.) तो त्यांना रागावत नाही. दोघींनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर कष्ट केले म्हणतो, आणि तिसऱ्याच एका माणसाला ‘माझ्या खऱ्या सोबत्या’ अशी हाक मारून विनवतो की बाबा रे, यांना मदत कर. त्याला लागूनच येतं, आनंद करा, पुन्हा म्हणतो, आनंद करा. लिहिणारा स्वतः बेड्यांत. त्या काळी पत्रं सभेत मोठ्यानं वाचत. म्हणजे त्या दोघी तिथंच कुठंतरी बसलेल्या असणार, बहुतेक एकमेकींकडे पाठ करून. तुझ्या चर्चची भिंत खोटं बोलत नाही बाई. तिच्यावर वरच्या दोन ओळी मावल्या नाहीत, एवढंच.

आमच्याकडची सुंतुखे मी होते.

मी छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. कोणत्या चर्चला जाते ते लिहीत नाही, तिथली निम्मी माणसं हा अंक वाचतात. आमच्याकडे कापणीचा सण जोरात होतो. वेदीपुढे कोहळी, संत्र्यांच्या टोपल्या, तांदळाच्या पिशव्या, अंड्यांचे ट्रे, पाय बांधलेला एखादा कोंबडा, आणि उपासना झाली की अंगणात लिलाव. एकच कोंबडा तीन-तीनदा विकला जातो, कारण घेणारा पैसे भरतो आणि कोंबडा परत चर्चला देऊन टाकतो. एका वर्षी लिलावाचा हिशोब माझ्याकडे होता आणि पैशाचा डबा दुसऱ्या एका बाईकडे. संध्याकाळी मोजलं तर 340 रुपये कमी. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तोंडानं कोणीच काही बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. पुढची दोन वर्षं आम्ही प्रभुभोजनाला वेगवेगळ्या रांगेत उभ्या राहिलो.

त्यातच एका मे महिन्यात माझे यजमान गेले. दुपारी दोन वाजता, बाहेर रस्ता वितळत होता. तुला म्हणाले तेच मला म्हणाले. ते प्रभूच्या घरी आहेत, तुम्ही आनंद माना. माझाही विश्वास हाच की ते प्रभूच्या घरी आहेत. पण माझ्या घरी नव्हते ना. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला लागले. गीत सुरू झालं की पुस्तक उघडायचं आणि तोंड मिटायचं. शेवटच्या आशीर्वादाला बाकीच्यांनी डोळे मिटले की चपला घालायच्या. असे सात महिने काढले.

डिसेंबरात नाताळच्या प्रीतिभोजनासाठी पाळकीणबाईंनी मला बोलावलं. चर्चच्या मागच्या ओट्यावर एक सतरंजी, वीस किलो मटारच्या शेंगा, दोन पराती, आणि समोर ती. पाळकीणबाई म्हणाल्या, पुलावाला पाहिजेत, संध्याकाळपर्यंत सोला, आणि निघून गेल्या. मला आजही संशय आहे की त्या दिवशी बाकीच्या बायकांना त्यांनीच येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तासभर नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. आमच्या यांना कच्चे मटार फार आवडायचे. घरी मी सोलायला बसले की एक पातेल्यात, एक तोंडात. मला ते आठवलं आणि माझ्याही नकळत मी एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. तिनं मान वर न करता म्हटलं, ‘‘खाऊन राहिली का? खाय. पण लिहून ठेव. नाही तं संध्याकाळी तीनशे चाळीस दाणे कमी भरतील.’’

मी अशी हसले की परात उलटली. ओट्याखाली, नालीत, सगळीकडे मटार. आम्ही दोघी साठीच्या बाया गुडघ्यांवर बसून ते वेचत होतो, आणि वेचता वेचता तिनं विचारलं, ‘‘भाऊजी कसे गेले?’’ सात महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, अगदी शेवटी पाणी मागितलं तोवर. ती ‘देवाची इच्छा’ म्हणाली नाही. एवढंच विचारलं, ‘‘पाणी पेले का?’’ मी म्हटलं, दोन घोट. मग ती रडली. माझ्या आधी.

ते 340 रुपये आजवर सापडलेले नाहीत.

तुझ्या चर्चला कमी पडतंय ते हे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात एकाच वचनात दोन कामं दिली आहेत, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. पहिलं काम आपल्या मंडळ्या झोकात करतात. पेढे, केक, स्टेजवर सत्कार. दुसऱ्याची पाळी आली की घाईघाईनं पुन्हा पहिलंच करायला लागतात. तुझ्या बाळासाठी कोणी रडलंच नाही, मग तुझं हसू येणार कुठून? स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यात रडणाऱ्यांची कितीतरी. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी ‘पण तरीही’सुद्धा नाही. ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. रात्री झोप नाही आली तर ते वाच.

झोपेवरून आठवलं. इथं मावशी बाजूला आणि नर्स पुढे. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, असं असेल तर डॉक्टरला दाखवायचं. बाळ गेल्यावर बाईला असं होतं. ते विश्वासाच्या वजनकाट्यावर मोजायचं नसतं. आपल्या नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. घरून निघणं होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फिरव, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नवऱ्याला सोबत ने. तुझ्या पत्रात त्याचा एक शब्दही नाही. बाळ त्याचंही होतं, आणि त्यालाही कोणी विचारलं नसेल.

चर्च बदलू का, म्हणतेस. बदलता येतं, त्यात पाप नाही. पण भांडण नसलेलं चर्च शोधायला निघालीस तर सदरपासून कामठीपर्यंत पेट्रोल जाळशील. 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्या नागपुरातच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला. मी तेव्हा सातवीत. सहा परंपरा एका छताखाली आल्या. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि कळत्या वयाआधी देऊच नये म्हणणारे बॅप्टिस्टही होते. कोण बरोबर याचा निकाल लागला नाही. दोन्ही रीती ठेवल्या. माझी मेकोसाबागेतली आत्या मेथडिस्ट, तिचं चर्च ऐन वेळी बाहेर राहिलं. त्यावरून आमच्या घरी बाबा आणि आत्या कितीतरी वर्षं वाद घालत, आणि नाताळला पुडाच्या वड्या आत्याकडच्याच येत. आम्ही पोरं वाद संपायची वाट पाहायचो नाही, वड्या संपायच्या आत पोचायचो.

तेव्हा इतकं कर. कमिटीबिमिटीच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. हातानं करायचं काहीतरी माग. प्रीतिभोजनाची भाजी निवडणं, प्रभुभोजनाचे पेले धुणं, वेदीवरची फुलं. हात कामात असले की माणूस खरं बोलतो, हे मी वॉर्डात पाहिलं आहे आणि त्या ओट्यावरही. पाळकीणबाईंना एकटीला गाठून सरळ सांग, मला माझ्या बाळाविषयी बोलायचं आहे, आणि आनंदी राहा म्हणायचं नाही. बाळाच्या नावानं घरी छोटी प्रार्थना ठेवायची असेल तर तेही माग. नाव ठेवलं नसेल तर ठेव.

सासूबाईंचं आणखी एक. ‘हसरा चेहरा ठेव’ म्हणणाऱ्या बऱ्याच बायकांना कोणीतरी कधीतरी तेच सांगितलेलं असतं. एखाद्या दुपारी चहा घेताना विचारून बघ, तुमचं असं काही झालं होतं का. मी पैज लावत नाही, पण विचार.

आणि ‘व्हय’वर हसणाऱ्यांना म्हणावं, तुम्ही ‘जाऊन राहिलो, येऊन राहिलो’ म्हणता तेव्हा जालन्यात काय होतं ते एकदा येऊन बघा.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये तरुण संघानं कीबोर्ड आणि ड्रम पॅड आणलं. पन्नास वर्षं वाजलेली पेटी कपाटामागे गेली. आता उपासनेत टाळ्या, उड्या, सगळं चालतं. याला आनंद म्हणायचं की गोंगाट? आपल्या मातीतलं संगीत गेलं, याचं दुःख होतं. – एक ज्येष्ठ सभासद, कामठी

उत्तर : भाऊ, दुःख खरं आहे, कारण पेटी तुम्ही वाजवत होता हे पत्रावरून कळतं. पण मातीचं म्हणाल तर हार्मोनियमही फ्रान्सची, 1842 ची. आपल्याकडे आली, जमिनीवर बसली, आणि आपली झाली. टाळ्यांना 47 व्या स्तोत्राची परवानगी आहे आणि झांजांना 150 व्या. उड्यांचं तुमचं तुम्ही बघा. माझे गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही.

एक मात्र त्या पोरांना सांगाच. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो 1893 साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. पुढे त्यांनी अभंग आणि भजनांच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी लिहिली. ही गोष्ट आपल्या स्टेशनातून सुटलेली आहे, आणि कीबोर्डवाल्या पोराला ती ठाऊक नसेल तर चूक त्याची एकट्याची नाही. महिन्यातला एक रविवार भजनांचा मागून घ्या. तुम्ही पेटीवर, तो कीबोर्डवर, ड्रम पॅडवाल्याला त्या दिवशी टाळ द्या. त्याआधी पेटी कपाटामागून काढून भाता तेवढा दुरुस्त करून घ्या. फाटक्या भात्याची पेटी दम्याच्या पेशंटसारखी वाजते, आणि पोरं हसली तर मी त्यांच्याच बाजूनं बोलेन.