बाहुलीचा एकच डोळा उघडा का राहतो?

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की घरात जुनं खेळणं बिघडून पडलं असेल तर विचारा, सांगतो. मला वाटलं चावीच्या गाड्या येतील, फार तर ढोल वाजवणारं माकड. आलं काय, तर बाहुल्यांचे डोळे! गाडीबद्दल एकही पत्र नाही. मग या वेळी फक्त डोळेच घेऊ.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): लेकीसाठी 1986 साली घेतलेली बाहुली माळ्यावरून काढून नातीला दिली. आडवी केली की एक डोळा मिटतो, दुसरा टक्क उघडा. नात घाबरते, रात्री बाहुलीच्या तोंडावर रुमाल टाकावा लागतो. आत सेल असतो का? कुठे दुरुस्त करून मिळेल?

आजी, सेल नाही, स्प्रिंग नाही, काहीच नाही, आत फक्त एक वजन आहे. आणि कुठे न्यायचीही गरज नाही, घरीच होईल, पण आधी ते चालतं कसं ते बघा म्हणजे हात घालायची भीती जाईल.

आपल्याला वाटतं बाहुली झोपवली की डोळा फिरतो. खरं तर उलटं आहे, डोळा जागच्या जागी राहतो आणि डोकं फिरतं. बादलीची कडी धरून हात कसाही तिरका करा, बादली सरळच लटकते ना? तसंच. डोळा म्हणजे एक गोळा, तो आडव्या पिनेवर सैल बसवलेला, आणि पिनेच्या खालच्या बाजूला लोखंडाचा किंवा शिशाचा तुकडा. तो तुकडा कायम जमिनीकडेच जाणार. बाहुली उभी असताना बुबुळ बरोबर समोरच्या फटीत येतं. तिला पाठीवर टाकलं की चेहरा छताकडे वळतो पण गोळा वजनामुळे होता तसाच, म्हणजे आता बुबुळ तिच्या हनुवटीच्या बाजूला लपलं आणि फटीत आली गोळ्याची वरची बाजू, जी कातडीच्या रंगाने रंगवलेली असते. तीच पापणी! पापणी खाली येतच नाही हो, ती आधीपासून कपाळाच्या आत दडून बसलेली असते. मी ठाणे-बेलापूर रोडवर पस्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, इतक्या कमी पार्टमध्ये इतकं काम करणारी वस्तू फार पाहिली नाही.

आता तुमचा एकच डोळा अडकलाय त्यावरून एक गोष्ट कळली. जुन्या परदेशी बाहुल्यांत दोन्ही डोळे एकाच तारेवर असायचे आणि मध्ये एकच वजन, त्यामुळे मिटले तर दोन्ही, अडकले तर दोन्ही. तुमच्या बाहुलीत दोन्ही डोळे वेगवेगळे आहेत, प्रत्येक आपल्या प्लास्टिकच्या वाटीत, प्रत्येकाला आपलं वजन. म्हणजे बिघाड त्या एकाच वाटीत आहे.

कारणं तीन-चारच. पहिलं टाल्कम पावडर, कारण मुली बाहुलीला पावडर लावतातच आणि ती फटीतून आत जाते. दुसरं केस, बाहुलीचाच एखादा नायलॉनचा केस पिनेभोवती गुंडाळला जातो. तिसरं आंघोळ! पाणी आत गेलं की वजन नाहीतर पीन गंजते. आणि कधीकधी नुसती पापणीची केसाळ पट्टी वाकून फटीच्या कडेला अडकते, ते सगळ्यात सोपं.

तर आधी टूथपिकने पापणीची पट्टी सोडवा. मग बाहुली पालथी धरून डोक्यावर मागून हलकेच टपल्या मारा, पावडर गळेल. जुना मऊ ब्रश फटीतून फिरवा. तरी नाही झालं तर डोकं काढायचं. घाबरू नका, बहुतेक बाहुल्यांचं रबरासारखं मऊ डोकं कडक मानेवर नुसतं खेचून बसवलेलं असतं, हेअर ड्रायरने मान कोमट करायची, हातात धरवेल इतपतच, आणि वळवत वळवत ओढायचं. आतून वाटी दिसते, केस दिसला तर चिमट्याने काढा, गंज असेल तर कोरड्या इअरबडने जमेल तितका पुसा.

तेल मात्र पटकन घालू नका. हे अनुभवाचे बोल आहेत. मी बारा वर्षांचा असताना बहिणीच्या बाहुलीचा डोळा कुरकुरतो म्हणून त्यात खोबरेल सोडलं, महिना डिसेंबरचा, सकाळी तेल थिजलं आणि बाहुली पार संक्रांत होईपर्यंत जागीच! बहीण अजून ऐकवते. मशीनचं तेलही आज चालतं पण पुढे धूळ धरतं, चिकटा होतो. अगदी गंजच असेल तर सुईच्या टोकावर मावेल एवढंच, ते पिनेवर, बुबुळावर नाही.

प्रश्न (वाशी, इयत्ता चौथी): माझी बाहुली पाठीवर झोपवली की डोळे मिटते पण कुशीवर झोपवली की मिटत नाही. कधी एक अर्धा राहतो. असं का? आई म्हणते कुशीवर झोपावं.

अगं, आईचं बरोबर आहे पण बाहुलीचं वेगळं आहे. घराचं दार आठव. दार उघडं सोडलंस तर ते उघडंच राहतं, आपोआप खाली पडत नाही, कारण त्याची बिजागरी उभी असते. आणि पेटीचं झाकण? ते सोडलं की धपकन खाली, कारण त्याची बिजागरी आडवी. बाहुलीच्या डोळ्यातली पीन एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाते. ती पाठीवर असो की बसलेली, पीन आडवीच, झाकणासारखी, म्हणून वजन डोळ्याला फिरवू शकतं. कुशीवर झोपवलीस की तीच पीन उभी होते, दारासारखी. मग वजन ओढतं खरं पण फिरवत नाही, डोळा जिथे होता तिथेच. आधी पाठीवर झोपवून डोळे मिटू दे, मग हळूच कुशीवर कर, मिटलेले राहतील. आणि पालथी झोपवलीस तर डोळे टक्क उघडे असतात, वाकून बघ कधीतरी, जरा भुताटकीसारखं वाटतं.

प्रश्न (नेरुळ): आजेसासऱ्यांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेली जर्मन बाहुली आहे. डोकं चिनी मातीसारखं, डोळे काचेचे. हल्ली हलवली की डोक्यात खडखडतं आणि डोळे आत गेलेत. मुलगा म्हणतो फेविक्विकने चिकटवू.

मुलाला थांबवा, आणि बाहुली हलवणंही थांबवा! ती खडखड म्हणजे काचेचे डोळे आणि शिशाचं वजन आत सुटं फिरतंय, प्रत्येक हलवण्यात काच फुटायचा चान्स. या डोक्यांत डोळ्यांची तार प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असायची, ते प्लास्टर वर्षांनी सुटतं. वजन आतून आपटून चेहऱ्याला तडा जाऊ नये म्हणून कॉर्कचा तुकडाही लावायचे, तो तर कधीच वाळून पडलेला असतो. पापणीसाठी काचेवर रंगीत मेणाचा थर द्यायचे, म्हणून ओलं फडकं, गरम हवा, स्पिरिट काही लावू नका, मेण गेलं की पापणी गेली.

केसांचा टोप उचकटून आत बघता येतं, कारण खाली डोक्याला मोठं भोक असतं, पण ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. तोपर्यंत मऊ कापडात गुंडाळून डब्यात पालथी ठेवा. ज्यांचे डोळे अजून शाबूत आहेत त्यांनीही अशा बाहुल्या पालथ्याच ठेवाव्यात, उताणी ठेवली की सगळं वजन प्लास्टरला आतल्या बाजूला ओढत राहतं.

आणि शिसं विषारी आहे. तुकडा बाहेर आला तर लहान मुलांच्या हाती देऊ नका, स्वतः हात धुवा. ओळखायचं कसं, तर फ्रिजवरचं मॅग्नेट लावा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं आणि आकाराच्या मानाने जड लागलं तर शिसंच समजा. शिसं वापरायचे कारण छोट्याशा डोक्यात जागा कुठाय, आणि शिसं लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड.

जाता जाता, काचेच्या डोळ्यांसाठी नाव असलेलं गाव म्हणजे जर्मनीतलं लाउशा. तिथल्याच लुडविग म्युलर-उरी या काचकारागिराने 1835 पासून माणसांसाठीही काचेचे डोळे बनवायला घेतले. आणि वजनाची युक्ती सर्रास व्हायच्या आधी डोळ्यांची तार बाहुलीच्या अंगातून खाली कमरेपाशी बाहेर काढलेली असायची, ती ओढली की डोळे मिटायचे. पॅरिसच्या स्टायनर या बाहुल्या बनवणाऱ्याने तारेऐवजी दांडी लावून ती कानामागे नेली. म्हणजे झोपवायला कान पिळायचा! आपल्याकडच्या मास्तरांना आवडलं असतं.

प्रश्न (कळवा): वडील आयसीयूत असताना डॉक्टर आपसात 'डॉल्स आय' असं काही बोलले. विचारायचं धाडस झालं नाही. बाहुलीचा काय संबंध?

मी डॉक्टर नाही, पण हा शब्द आपल्या विषयातलाच आहे म्हणून सांगतो. बेशुद्ध माणसाच्या पापण्या उघडून डॉक्टर डोकं हळूच डावीउजवीकडे वळवतात. मेंदूचा खालचा देठ काम करत असेल तर डोळे डोक्याबरोबर जात नाहीत, उलट दिशेला सरकून पहिल्याच जागी बघत राहतात. अगदी वजनाच्या डोळ्यांच्या बाहुलीसारखे, म्हणून ते नाव. फक्त इथे वजन नसतं, कानाच्या आतल्या नळ्या डोकं किती फिरलं ते मेंदूला कळवतात. देठाला इजा असेल तर डोळे डोक्याबरोबरच फिरतात, चितारलेल्या डोळ्यांसारखे. म्हणजे बाहुलीसारखे डोळे असणं हे त्या परीक्षेत चांगलं लक्षण. नावामुळे पुष्कळांना उलटंच वाटतं, आपली सावंतवाडीची लाकडी बाहुली डोळ्यासमोर येते ना, तिचे डोळे रंगवलेलेच. घरी कोणावर हे करून बघू नका, मानेला मार असेल तर डोकं वळवणं धोक्याचं असतं.

प्रश्न (ऐरोली, शिक्षिका): सहावीच्या मुलांकडून असा डोळा करून घ्यायचाय, स्वस्तात.

मॅडम, टेबल टेनिसचा 40 मिमीचा बॉल, सायकलची स्पोक, बुटाचा खोका आणि एक जाडसा नट. बॉलला दोन्ही बाजूंनी बरोबर मध्यावर भोकं, त्यातून स्पोक आरपार, बॉल तिच्यावर सैल फिरला पाहिजे. नट बॉलच्या खाली बाहेरूनच चिकटवा. समोर बुबुळ काढा, आणि बुबुळाच्या जरा वरपासून माथ्यापर्यंत अन् थोडं मागेही कातडीचा रंग. खोक्याला बॉलच्या निम्म्या उंचीची फट पाडा, त्यामागे बॉल येईल अशी स्पोक खोक्यात बसवा. खोका उभा, डोळा उघडा, खोका मागे कलवला की मिटतो. अर्धवट कलवा, डुलकी लागल्यासारखा दिसतो, मुलं त्यालाच सगळ्यात जास्त हसतात.

चाललं नाही तर दोनच गोष्टी तपासा. नट फटीच्या कडेला घासतोय का, आणि भोकं मध्याच्या खाली तर पडली नाहीत ना, कारण मग बॉलच पिनेच्या वर जातो आणि नटाचा जोर कमी पडतो. एका ग्रुपला मुद्दाम नट पिनेच्या रेषेत बाजूला, भोकाजवळ चिकटवायला सांगा, डोळा कुठेही थांबेल. दोन्ही खोके शेजारी ठेवले की गुरुत्वमध्य फळ्यावर शिकवायला नको. सहावीच्या मुलांच्या हाती फेविक्विक देऊ नका तेवढं, नट तुम्हीच चिकटवून द्या.